माहेरहून आलेली ओळ

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

बायका हरवतात. आजचा सबंध दिवस यातच गेला.

हॉस्पिटलच्या खिडकीशी एक बाई आली, आपल्यातलीच, मराठी. लग्नाआधी इथेच अपेंडिक्स काढलेलं, त्याचे कागद हवे होते. नाव विचारलं तर स्वतःचं, मधलं, आडनाव, तिन्ही सासरची. कॉम्प्युटर म्हणे अशी कोणी बाई नाही. पोटावर व्रण आहे आणि बाई नाही! गुजराती बायकांचं निदान पहिलं नाव तरी टिकतं. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर नवं नाव गिरवलं की जुनी मुलगी संपली.

आणि ट्रस्टने मला काम दिलंय ते नेमकं हेच. पेशंटने कार्ड घेऊन यावं, हॉस्पिटल, लॅब, दोन फॅमिली डॉक्टर, चौघांपैकी कुणीही त्याचा नंबर टाकावा, की जुनं सगळं पडद्यावर. पिशवीभर कागद नकोत. पण बाईच सापडली नाही तर कसलं कार्ड आणि कसलं काय.

दुपारी घरी जेवताना सुचलं. रेशनकार्ड! मुलीचं लग्न झालं की माहेरच्या कार्डातून नाव कमी, सासरच्या कार्डात दाखल. तसंच करायचं. एका घराला एक कार्ड. नावं किती का बदलेनात, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं कुठे बदलतात? त्यावरून मशीनने तिला ओळखायचं आणि तिची सगळी नोंद उचलून सासरच्या घरात नेऊन ठेवायची. आपोआप.

श्रीकांत सेकंड शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे पाठवणीच की." फार हसलो.

९ नोव्हेंबर, सोमवार

चाचणीला खरी माहिती हवी. लोकांची कशी वापरणार? म्हणून आपलीच. वासण्याला जाऊन आईकडून बाबांची फाइल आणली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली तरी फाइल अजून 'बाबांची'च. घरातल्या चौघांचं सगळं त्यांनी तारीखवार लावलेलं. शनिवार-रविवार बसून टाइप केली. माझा गोवर, माझा टायफॉइड, आईचं पित्त, धाकट्या शुभाचं सगळं. हात चालत होते, डोकं प्रोग्रामात.

आज बटण दाबलं आणि माझी नोंद बाबांच्या कार्डातून निघून श्रीकांतच्या कार्डात जाऊन बसली. पहिल्या झटक्यात! खोलीत एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

मांजलपूरला घरी येताना लाल सिग्नलला थांबायचं विसरले. हवालदार मराठी निघाला, म्हणून सुटले.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रस्टींना दाखवलं. रमणभाई खूश. हॉस्पिटलमध्ये त्यांचा शब्द शेवटचा, त्यामुळे बाकीचेही खूश. "एक घर, एक कार्ड. वाह, बेन!" दर वर्षी घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात सगळ्या कुटुंबाचा छापील आरोग्यपट द्यायचा, ही कल्पना त्यांची. मी लगेच होकार दिला. मलाही आवडली. घरोघर असंच तर असतं. फाइल एक आणि ती एकाच्याच कपाटात.

फक्त जागृतीबेन कुरकुरल्या. बाळंतपणाच्या डॉक्टर, चांगल्या आहेत, पण प्रत्येक मीटिंगला त्यांचं काहीतरी असतंच. "मेधाबेन, लेडीजनुं अलग राखो ने." म्हणजे बायकांचं वेगळं ठेवा. मी म्हटलं, आत्ताच तर त्यांना एका ठिकाणी आणलंय, आता परत वेगळं कुठे करू? सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर, रविवार

नागरवाड्यात शुभाकडे. पाचवा लागलाय तिला. चेहरा भरलाय.

तिचे सासरे अण्णा माझी वाटच पाहत होते. जुन्या दप्तरदारांचं घराणं. त्यांच्या कपाटात १९५० सालचं लाइटबिलसुद्धा मिळेल. कार्डाचा फॉर्म त्यांनी परवाच भरून पाठवलाय, सगळ्यांत पहिला. अक्षर तर छापल्यासारखं. "मेधाताई, आमच्या हिच्या वेळी एक रिपोर्ट वेळेवर सापडला नाही हो," म्हणाले आणि थांबले. पत्नी गेल्या त्याला दहा वर्षं झाली. मग म्हणाले, "तुम्ही फार मोठं काम करताय." मी फुगले. खोटं कशाला लिहू, फुगलेच.

फॉर्ममध्ये सुनेच्या माहेरची माहितीही त्यांनी नीट भरली होती. मूळ नाव, जन्मतारीख, आईवडील. रकाने माझेच.

स्वयंपाकघरात शुभा चहा गाळत होती. हळूच म्हणाली, "ताई, त्यात जुनं बधं येतं का गं?"

"येतं म्हणजे? सगळं येतं. तीच तर गंमत आहे."

तिने गाळणं खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं.

इथे लिहून काढते, कारण याआधी कुठेच लिहिलेलं नाही. शुभाला चौदाव्या वर्षापासून फिट्स येत. विसाव्यानंतर एकही नाही, पण गोळ्या रोज. लग्नात आम्ही सांगितलं नाही. बाबा गेलेले, आईने ठरवलं, मी मान डोलावली. चार वर्षं दर महिन्याला गोळ्या मीच आणते आणि टॉनिकच्या बाटलीत भरून देते. तिच्या नवऱ्याला, सुधीरलासुद्धा माहीत नाही. आणि मीच ती फाइल टाइप केली! गोवर, टायफॉइड, पित्त आणि तिच्या फिट्स. एका ओळीत. गाढव मी, गाढव.

३० नोव्हेंबर, सोमवार

अण्णांचा फॉर्म गेल्या आठवड्यातच चढवला गेला होता. कार्ड उघडलं. घरात तीन माणसं: अण्णा, सुधीर, आणि सून वैदेही. सासरी शुभाचं नाव वैदेही आहे. तिच्यापुढे: 'पूर्वीचे आजार: फिट्स, वय १४ पासून. औषध चालू.'

चाचणीची माहिती मी आत तशीच राहू दिली होती, आणि मशीनने तिला बरोब्बर ओळखलं. एक अक्षर चुकलं नाही.

पुसायला गेले. पुसता येत नाही. म्हणजे येतं, पण डॉक्टरने कारण लिहून, आणि मग पुढच्या कागदावर त्या जागी 'नोंद वगळली' असं छापून येतं. लॅबवाले चुकीचे रिपोर्ट गुपचूप गाळायचे, म्हणून हा नियम मीच केला होता. आता अण्णांसारख्या माणसाच्या हातात 'नोंद वगळली' दिलं तर ते महिनाभर माझ्या दारात बसतील.

आतून, थेट तक्त्यात शिरून पुसता येईल. किल्ली माझ्याचकडे आहे.

३ डिसेंबर, गुरुवार

वासण्याला आईकडे. तिला समजावायला अर्धा तास लागला. कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही अशीच तिची समजूत. पण समजल्यावर एका क्षणात म्हणाली, "पूस."

"आई, बाळंतपण आहे. डॉक्टरला माहीत नको?"

"इतकी वर्षं काही झालं नाही."

"गोळ्या घेते म्हणून नाही झालं."

"मग घेईलच की. तुला कुणी सांगितलं होतं आमचं घर त्या डब्यात घालायला?" मग रडायला लागली. त्या घरात पोरीने चार वर्षं मान खाली घालून काढली, आता कुठे दिवस राहिलेत, आणि सख्ख्या बहिणीने... मी पाणी आणून दिलं. ती घेईना.

तिचं चूक आहे असं मला सांगता येत नाही. तिचं बरोबर आहे असंही नाही. मला नुसता राग येतो, तिचा आणि माझा.

८ डिसेंबर, मंगळवार

आज जागृतीबेन स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या. माझा चहा पुढे ओढून त्यांनीच प्यायला. एक केस सांगितली. पादरा गावची बाई, नववा महिना, फिट येऊन आली. घरचे शपथेवर सांगत होते, हिला आधी कधी काही नव्हतं. यांनी तसं धरून चालून उपचार केले. नंतर बाईच्या भावाने कोपऱ्यात घेऊन सांगितलं, लहानपणापासून आहे. तोवर उशीर झालेला.

"तुमचं मशीन असतं तर, मेधाबेन," म्हणाल्या. मीटिंगमधली कुरकुर विसरल्यासारख्या हसल्या.

शुभा यांचीच पेशंट. यांना माहीत नाही. ओठांवर आलं होतं माझ्या.

१४ डिसेंबर, सोमवार

शुभाला कमाटी बागेत बोलावलं. घरी बोलता येत नाही. बाकावर बसून तिने आधी सगळी भाखरवडी संपवली. मग म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात मी."

कधी? "पंधरा दिवस." का? बाळाला वाईट असतात असं कुठल्याशा मासिकात वाचलं. शिवाय अण्णा परवा टॉनिकची बाटली हातात घेऊन लेबल वाचत होते.

मी म्हटलं, अशा एकदम बंद नाही करायच्या, वेडे. बदलून देतात, कमी करून देतात. जागृतीबेनना सांगू, मी येते बरोबर.

"आणि त्या कार्डावर लिहिणार ना?"

"लिहावं लागतं त्यांना."

"मग अण्णांना कळणारच ने." तिने भाखरवडीचा कागद चुरगळला. "ताई, तुझं कार्ड नव्हतं तेव्हा मी डॉक्टरच्या कानात तरी सांगू शकले असते."

पेशंटने डॉक्टरपाशी मोकळेपणाने बोलावं म्हणून केलं हे सगळं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड त्यानेच शिवलं.

निघताना माझा हात आपल्या पोटावर ठेवून म्हणाली, "पूस ते. आणि कुणाला सांगणार नाहीस. याची शपथ." त्याच क्षणी आतून लाथ लागली. मी घाबरून हो म्हटलं. तिनेही गोळ्या परत सुरू करायचं कबूल केलं.

१९ डिसेंबर, शनिवार

चार दिवस खपून नवीन आराखडा केला. प्रत्येक माणसाचा एक आतला कप्पा, फक्त डॉक्टरला दिसणारा, घरच्या कागदावर न छापला जाणारा. खरं तर हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. जागृतीबेन दुसरं काय सांगत होत्या?

रमणभाईंकडे घेऊन गेले. ऐकून घेतलं, चष्मा काढला. "बेन, घरना वडीलथी शुं छुपाववानुं?" घरच्या मोठ्या माणसापासून लपवायचं काय असतं, म्हणे. मी म्हटलं, बायकांच्या काही गोष्टी असतात. ते म्हणाले, ज्या घरात तशा गोष्टी असतात त्या घराने तर कार्ड जरूर घ्यावं. आणि हसले. मग एकदम बारीक डोळे करून, "कोई खास केस छे?"

नाही म्हटलं.

कार्डं लॅमिनेट होऊन आलीत, २६ जानेवारीला समारंभ आहे, आता काही बदलायचं नाही. पहिला आरोग्यपट स्टेजवर बोलावून नागरवाड्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना देणार, ज्यांनी सगळ्यांत आधी फॉर्म भरला.

अण्णांना.

२४ डिसेंबर, गुरुवार

पुसलं.

जेवणाच्या सुट्टीत, खिडकी बंद असताना. ऑपरेटर मुली गच्चीवर डबे खात होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. तक्ता उघडला, ओळ शोधली, काढली. कुठलाही माग ठेवला नाही. दोन मिनिटं लागली नसतील. वासण्याच्या जुन्या कार्डात मागे राहिलेली प्रतही काढली. बाबांच्या फाइलमधले ते चार कागद घरी आणून बंबात घातले. बाबांचं अक्षर होतं त्यावर.

मग सगळं नीट झालंय ना म्हणून कार्ड परत उघडलं. तिथे रिकामं असेल असं वाटलं होतं. पण रकाना रिकामा असला की मशीन स्वतःच लिहितं: 'पूर्वीचे आजार: काही नाही.' हेही मीच ठरवलेलं. मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून.

माहीत नाही, आणि काही नाही. या दोन्हीत केवढा फरक आहे, तो मला त्या वेळी दिसला नव्हता. आता बदलायचं तर चारही ठिकाणचं बदलावं लागेल आणि रमणभाई विचारतील का.

शुभाला फोन केला. अण्णा जवळ असावेत. "हो ताई, स्वेटर मिळाला," एवढंच म्हणाली. आवाज हलका झाला होता. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

१० जानेवारी १९९९, रविवार

गोळ्या घेऊन नागरवाड्यात. शुभा जिन्यातच भेटली. "राहू दे, आहेत अजून."

मी महिन्याला मोजून तेवढ्याच आणते. उरतील कशा?

विचारलं. म्हणाली, एखाद दिवस विसरते. डोळ्याला डोळा भिडवेना.

१४ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण. शुभाच्या गच्चीवर पतंग उडवायला सगळे. सुधीर अंकलेश्वरच्या प्लांटमधून दोन दिवसांची रजा काढून आलेला, नरडं फुटेस्तोवर 'काप्यो छे' ओरडत होता. अण्णा टोपी घालून उन्हात, सुनेला उंधियू वाढा, तिला उभी ठेवू नका, तिला सावलीत खुर्ची द्या. इतकं जपतात तिला.

शुभाच्या हातात फिरकी होती. मध्येच थांबली. दोरा सुटत होता, सुधीर हाका मारत होता, आणि ती भिंतीकडे बघत उभी. ओठ किंचित हलत होते. आठदहा सेकंद. मग "काय?" म्हणाली आणि परत दोरा गुंडाळायला लागली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. लहानपणी आधी असंच व्हायचं. मग काही दिवसांनी मोठी.

१८ जानेवारी, सोमवार

शपथ गेली खड्ड्यात. आज जागृतीबेनना सांगायचंच म्हणून गेले. त्या नाहीत. भाचीच्या लग्नाला सुरतेला, पंचवीसला येणार.

सात दिवस. शुभाला फोन करून सक्त सांगितलं, आजपासून गोळी चुकवलीस तर मी स्वतः अण्णांना सांगेन. ती फोनवर रडली. "तू असं करशील?"

करीन, म्हटलं. केलं नाही. आज लगेच जायला हवं होतं. श्रीकांतला आज प्रथमच सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "पंचवीसपर्यंत थांबू नकोस." समारंभाच्या याद्या पडल्यात, दोन दिवस त्यात जातील. गुरुवारी संध्याकाळी जाईन नागरवाड्यात.

२१ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर. लॅबच्या कोऱ्या फॉर्मांमागे लिहितेय, वहीत नंतर डकवीन. हात नुसते बसू देत नाहीत.

सव्वानऊला ऑफिसात अण्णांचा फोन. शुभा मोरीत पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. सुधीर अंकलेश्वरला, निरोप गेलाय. शेजाऱ्यांच्या गाडीतून ते एकटेच तिला घेऊन आले. मी पोचले तेव्हा स्ट्रेचर आत नेत होते.

ड्यूटीवर नवे डॉक्टर, मला न ओळखणारे. अण्णांनी खिशातून कार्ड काढून दिलं. नंबर टाकला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर सगळं. जसं व्हायला हवं तसं.

"पहली बार हुआ?"

"पहिल्यांदाच," अण्णा म्हणाले. "आधीचं काहीही नाही. त्यात आहे पाहा."

डॉक्टरांनी पाहिलं. मग नर्सशी भराभर बोलले. बीपी वर आहे, सातवा महिना, आधीचं काही नाही म्हणजे ही पोटातल्या बाळामुळेच आलेली फिट. दुसरी यायच्या आत बाळ बाहेर काढावं लागेल. थिएटर तयार करा. सातव्या महिन्यातलं बाळ. अण्णांपुढे सहीचा कागद ठेवला. त्यांनी पेन उघडलं.

मी म्हटलं, "थांबा."

म्हटलं, पहिली नाही. चौदाव्या वर्षापासून आहेत. गोळ्या होत्या. औषधाचं नाव सांगितलं, डोस सांगितला. बंद केल्यात, कधीपासून ते नक्की माहीत नाही.

डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. "तो फिर ये?"

"ते मी पुसलं."

डॉक्टर आत पळाले. थिएटर थांबवलं की नाही, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. खिशाला अडकवायला दोनदा चुकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार वर्षं, मेधाताई?" मी अण्णा, अण्णा एवढंच म्हणत राहिले. ते बाकाच्या पार त्या टोकाला जाऊन बसले.

आईला अजून कळवलेलं नाही.

साडेअकरा. आत्ता नर्स बाहेर आली. पेशंट डोळे उघडतेय, गोंधळलीय, सारखी काहीतरी विचारतेय, घरच्या एकाच माणसाने आत यायचं. मी उठले. तिने हात आडवा केला. "तमे नहि, बेन. कार्डमां जेनुं नाम होय ए." कार्डात ज्याचं नाव असेल त्यानेच.

अण्णा उठले आणि आत गेले.